शेवटचे वीस टक्के

बिरादारांच्या हैदराबादेतल्या ट्रकच्या यार्डात त्या रविवारी दुपारी नारळ होता, चाकांखाली ठेवायची लिंबं होती, झेंडूचा लांबलचक हार होता, वीसेक नातेवाईक होते. आणि या सगळ्यांच्या वर त्रिवेणीचा आवाज होता.

तिच्या हातात पीव्हीसी पाइपचा तुकडा होता. छडी असावी तसा तो ती चार्जरच्या पडद्यावर टेकवत होती. मागे कोरा करकरीत पांढरा इलेक्ट्रिक ट्रक उभा, त्याच्या कुशीत मनगटाएवढी जाड केबल खुपसलेली, आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गावाकडच्या भालकीपासून विद्यानगरपर्यंतचं सगळं गणगोत. पंधराव्या वर्षी एवढे श्रोते मिळाले की माणसाचे पाय जमिनीवर राहत नाहीत. त्रिवेणीचे तर कधीच सुटले होते.

"हे बघ आत्या, हा आकडा किलोवॅटचा. म्हणजे नळ किती जोरात सोडलाय ते. आणि हा खालचा किलोवॅट-अवरचा. म्हणजे टाकीत किती पाणी जमा झालं ते. लोक या दोन्हींत घोळ घालतात. तू घालू नकोस."

"मी कशाला घालते बाई!" भामाआत्या म्हणाली. तिच्या हातात कुंकवाची वाटी होती. "मला एवढंच सांग, आत्ता याला स्वस्तिक काढलं तर करंट लागंल का?"

सगळे हसले. त्रिवेणीही हसली, पण मास्तरीण हसते तसं, अर्धंच. "नाही लागत. ट्रक आणि चार्जर आधी आपापसात बोलून घेतात. सगळं ठीक आहे अशी खात्री पटली तरच वीज सुटते. ट्रक सांगतो, मला एवढी दे. चार्जर तेवढीच देतो."

"आणि ही केबलच्या टोकाची गन लावलेली असताना कुणी गाडी पळवली तर?" आत्याने विचारलं.

"पळतच नाही! केबल लागलेली असली की ट्रक जागचा हलत नाही. कितीही पाय दाबा."

"हुशार आहे," आत्या म्हणाली. "आमच्याकडची माणसं ताटावर बसलेली असली की अशीच असतात."

मागच्या वर्षापर्यंत हीच त्रिवेणी जामबागच्या शाळेत खिडकीजवळच्या बाकावर बसून हजेरीलासुद्धा पुटपुटत 'येस' म्हणायची. मग वक्तृत्व स्पर्धेत एक मुलगी ऐनवेळी आजारी पडली, बाईंनी हिला ढकललं, आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी जे झाकण उडालं ते पुन्हा बसलंच नाही. नल्लकुंट्याच्या बाजारात भाव करायला ती पुढे, बँकेत फॉर्म भरायला ती पुढे, शेजारच्यांच्या भांडणात पंच म्हणूनही तीच पुढे. तिचे आजोबा हिम्मतराव, म्हणजे आबा, म्हणायचे, "पोरीला तोंड फुटलं. आता कान कधी फुटतात ते बघू." तिला वाटायचं, आबांना गंमत करायची सवय आहे.

आबा आत्ता पहिल्या रांगेत बसले होते. काठीवर दोन्ही हात, नजर ट्रकवर. त्यांना ही गाडी नको होती. आवाज नाही, धूर नाही, डिझेलचा वास नाही, ती गाडी कसली? ते तिला 'मुकी' म्हणायचे. पण त्रिवेणीच्या बाबांचा, मुकुंदरावांचा, जीव तिच्यावर जडला होता. तरुणपणी ते खाजाभाईंबरोबर केबिनमध्ये रात्रंदिवस हिंडले होते. खाजाभाई म्हणजे यार्डातले सर्वात जुने ड्रायव्हर. शेजारी धडधडणाऱ्या इंजिनापायी त्यांचा डावा कान कायमचा गेला होता. चालवणाऱ्याला आपलं स्वतःचं गुणगुणणं ऐकू येईल असा एक तरी ट्रक यार्डात असावा, एवढंच बाबांचं म्हणणं. महिनाभराच्या ट्रायलवर त्यांनी तो आणला आणि आबांपुढे उभा केला.

आबांनी एकच अट घातली. बिरादारांकडे नवं वाहन पहिल्यांदा दाराबाहेर पडतं ते पोट भरून. भालकीला बैलजोडी होती तेव्हा पहिल्या पेरणीआधी बैलांना पोटभर खाऊ घालत. मग ट्रॅक्टर आला, लॉरी आली, तेव्हा डिझेल गळ्याशी येईपर्यंत भरत. "तुझी मुकी रविवारी राहुकाळ लागायच्या आत, पोट भरून, माझ्यासमोर निघाली तर राहील," आबा बाबांना म्हणाले. "नाहीतर सोमवारी आली तशी परत." भालकीकडे राहुकाळ कुणी मोजत नव्हतं, पण हैदराबादेत दोन पिढ्या गेल्यावर आबा या बाबतीत शेजारच्या तेलुगू मंडळींपेक्षाही कडक झाले होते. रविवारचा राहुकाळ, म्हणजे अशुभ दीड तास, दुपारी साडेचारला लागतो.

"सकाळीच भरून ठेवू," बाबा आदल्या दिवशी म्हणाले होते.

"छे! सकाळी भरलं तर कुणाला काय दिसणार?" त्रिवेणी म्हणाली होती. "सगळ्यांसमोर भरू. लाइव्ह! तीनला लावू, पाऊण तासात विसाचे ऐंशी टक्के, पुढचे वीस पंधरा मिनिटांत. चारला शंभर. अर्धा तास हातात राहतो."

"नक्की?"

"बाबा! त्रैराशिक आहे साधं. आणि ट्रेनिंगमध्ये बसले होते ना मी?"

बसली होती, हे खरं. कंपनीच्या भाग्यलक्ष्मी मॅडम शिकवायला आल्या होत्या. इंग्रजी आणि तेलुगू मिसळून त्या असं भरभर बोलायच्या की बाबांच्या कपाळाला आठ्या आणि खाजाभाईंच्या उजव्या कानाला हात. मग त्रिवेणी दोघांच्या मधे बसली आणि इकडे मराठीत, तिकडे दख्खनीत सांगत राहिली. काय मजा आली होती! नळ आणि टाकी तिची स्वतःची कल्पना. मॅडमनी पाठ थोपटली, म्हणाल्या, "यू आर माय बेस्ट स्टुडंट."

मग मॅडमनी भिंतीवर एक आलेख दाखवला. एक रेघ बराच वेळ सपाट जाते आणि शेवटी घसरगुंडीसारखी खाली येते. मॅडम काहीतरी बोलल्या, दोन-तीन शब्द तिने आयुष्यात ऐकले नव्हते, आणि तिला काहीसुद्धा कळलं नाही. अक्षरशः काही नाही. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. खाजाभाई बघत होते. बेस्ट स्टुडंटने हात वर करून 'परत सांगा' कसं म्हणायचं?

"एनी डाउट?" मॅडमनी विचारलं.

"नो डाउट, मॅडम!" त्रिवेणी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाली.

"ती खाली उतरणारी रेघ कसली गं?" बाबांनी हळूच विचारलं.

"काही विशेष नाही. बॅटरी भरली की काम संपलं, म्हणून रेघ खाली."

बाबांनी मान डोलावली. खाजाभाईंनीही. तिथे ते प्रकरण मिटलं, असं तिला वाटलं होतं.

"एकोणऐंशी! ऐंशी!" आता खुर्च्यांमधून पोरं ओरडली. पावणेचार वाजायचे होते. टाळ्या पडल्या. बाबा कधी नव्हे ते आबांकडे बघून हसले. खाजाभाई स्टीअरिंगवर बसायचं म्हणून नवा शर्ट घालून आले होते. त्यांनी कॉलर नीट केली. त्रिवेणीलाही केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसून मेन रोडपर्यंत जायचं होतं. आधीच ठरलं होतं तसं.

"आता फक्त पंधरा मिनिटं!" तिने पाइप उंचावला. "आत्या, लिंबं ठेव."

आत्याने वाकून लिंबं ठेवली. पुढच्या दोन चाकांखाली, मागच्या दोन चाकांखाली. नारळ पाण्यात भिजवला. बाबांनी उदबत्ती लावली.

मग त्रिवेणीने पडद्याकडे पाहिलं. नळाचा आकडा पडला होता. मघाशी दोनशेच्या वर होता, आता निम्म्यावर. ती बघत होती तेवढ्यात आणखी खाली गेला.

"त्र्याऐंशी," एक पोरगं म्हणालं. मग बऱ्याच वेळाने, "चौऱ्याऐंशी." त्यात आता ओरडण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"दमली वाटतं मुकी," एक काका म्हणाले. हसू फुटलं. उदबत्ती अर्धी झाली.

"काय झालं मुकुंदा?" आबांनी विचारलं.

बाबांनी त्रिवेणीकडे पाहिलं. तिला तेव्हा म्हणता आलं असतं. दोनच शब्द होते: माहीत नाही. पण वीस माणसं, हातातला तो पाइप, मघाचा तो रुबाब. तिचं तोंड तिच्या आधी बोललं.

"गन नीट बसली नसेल. सैल असली की वीज कमी येते."

गन लावली होती खाजाभाईंनी.

"असं कसं रे खाजा?" भामाआत्या लगेच म्हणाली. "आजच्या दिवशी तरी बघून करायचं!"

खाजाभाईंनी उजवा कान पुढे केला. त्यांना कुणीतरी पुन्हा सांगितलं. ते केबलजवळ गेले, वाकले, बघितलं. नव्या शर्टाची बाही ग्रीसला लागली. "हौ बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मेरे हाथ सेच ढीली लगी होंगी."

त्रिवेणीचे कान तापले. पण तिने नजर पडद्यावरच ठेवली, जणू तिथे फार महत्त्वाचं काही चाललंय.

मग तिच्याच सांगण्यावरून बाबांनी चार्जिंग थांबवलं, गन काढली, पुसली, पुन्हा लावली. ट्रक आणि चार्जर पुन्हा पहिल्यापासून बोलत बसले. पडद्यावर ठिपके फिरत राहिले. वीज सुटली तेव्हा आकडा होता तिथेच, उलट थोडा खालीच. चार वाजून गेले. पोरं खुर्च्या सोडून क्रिकेटला लागली. एक मावशी निघते म्हणाली, तिला बरकतपुऱ्याला जायचं होतं. जाताना ती बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "होतं असं कधीकधी." आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजात.

एवढंच त्रिवेणीला सहन झालं नाही. बाबा तिथे उभे होते, हातात काडेपेटी, आणि तिला दिसलं की ते एकदाही तिच्याकडे बघत नाहीयेत. बघितलं असतं तर लोकांना कळलं असतं, हिशोब कुणाचा होता ते.

"चार्जर खराब असेल," बाबा आबांना म्हणाले. "चूक माझीच, आबा. मी नीट विचारून घ्यायला हवं होतं."

"खराब वस्तू घरात ठेवत नाहीत," आबा म्हणाले. "उद्या पाठवून दे."

बाबांनी मान खाली घातली. मग खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. "मॅडमना लाव, त्रिवेणी. चार्जर नीट चालत नाही म्हणून सांग. स्पीकरवर ठेव, आबांना ऐकू दे. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मॅडम रविवारच्या घरात होत्या. "अरे, त्रिवेणी!" त्यांचा आवाज यार्डभर पसरला. "माय नो-डाउट गर्ल! चेप्पम्मा, सांग!"

कुणीतरी हसलं. त्रिवेणीने फोन दोन्ही हातांनी धरला. चार्जर खराब आहे, एवढं एक वाक्य. मॅडम माणूस पाठवतील, तो तपासेल, काही सापडणार नाही. तोवर ट्रक गेलेला असेल. आणि कुणाला कधीच कळणार नाही. फक्त बाबांना वाटत राहील की मुकी खराब होती, आणि खाजाभाईंना वाटत राहील की आपला हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज फाटला, पुन्हा जुन्या बाकावरचा झाला. "त्या दिवशी तुम्ही ती खाली येणारी रेघ दाखवली होती ना. ती परत सांगाल का? मला ती कळली नव्हती."

पलीकडची भांडी थांबली. मग मॅडम बोलायला लागल्या, त्यांच्या नेहमीच्या वेगाने, अर्धं तेलुगू, अर्धं इंग्रजी.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

आणि त्रिवेणीला सांगावं लागलं. वाक्यामागून वाक्य, इकडे मराठीत, तिकडे खाजाभाईंसाठी मोठ्याने दख्खनीत, ट्रेनिंगच्या दिवशी करायचं होतं तसं.

"म्हणतात, फंक्शन हॉलमध्ये लग्नाचं जेवण असतं ना, तसं. पहिली माणसं धडाधड येतात आणि बसतात. हॉल भरत आला की मागची माणसं रिकामी खुर्ची शोधत फिरतात. तेव्हाही दारातून तशीच गर्दी ढकलली तर चेंगराचेंगरी होईल. बॅटरी तापेल, खराब होईल. म्हणून ऐंशीच्या पुढे ट्रक स्वतःच सांगतो, आता हळू दे. चार्जर तेवढंच देतो."

ट्रक सांगतो, चार्जर देतो. हे वाक्य तिने स्वतः मघाशी आत्याला ऐकवलं होतं, पाइप नाचवत. उत्तर तिच्या तोंडातच होतं आणि तिला त्याची चव कळली नव्हती.

"पुढे?" बाबा म्हणाले.

"म्हणतात, चार्जर चांगला आहे. केबल चांगली आहे. आणि... ज्याने गन लावली, त्याने बरोबर लावली. सैल असती तर चार्जिंग सुरूच झालं नसतं."

खाजाभाई तिच्याकडे बघत राहिले.

मॅडमनी आणखी काहीतरी म्हटलं. छोटं वाक्य होतं. त्रिवेणी थांबली. हे गाळता आलं असतं. गाळण्यात ती तरबेज होती.

"आता काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पहिले वीस आणि शेवटचे वीस सारखे नसतात. रोजच्या कामाला ऐंशीला गन काढायची, शंभर करायचं तर वेळ हातात ठेवून आधी लावायची. म्हणाल्या, 'हे सगळं मी त्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तूच सगळ्यांत मोठ्याने नो डाउट म्हणालीस.'"

यार्डात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तिने फोन बाबांना दिला, मॅडमना थँक्यू म्हणायचंही तिला सुचलं नाही, ते बाबांनीच म्हटलं.

आबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "लागला राहुकाळ."

"झालं!" भामाआत्या मटकन खुर्चीवर बसली. चाकांखालची लिंबं तशीच होती, पिवळी, टवटवीत, काही न झाल्यासारखी.

"म्हणजे गाडीचा दोष नाही," आबा म्हणाले.

"नाही," त्रिवेणी म्हणाली.

"खाजाचा?"

"नाही, आबा."

"मग कुणाचा?"

सगळ्यांना माहीत होतं. तरी आबा वाट बघत राहिले.

"माझा."

"त्याच्या चालत्या कानाला ऐकू जाईल असं सांग."

ट्रकला वळसा घालून खाजाभाईंच्या उजव्या बाजूला जाणं, एवढीच चाल होती. पण आख्खं यार्ड बघत असताना ती सरता सरेना. "चाचा, तुमची गन बरोबर होती. मला काही येत नव्हतं, म्हणून मी तुमचं नाव घेतलं."

खाजाभाईंनी बाहीवरचा ग्रीसचा डाग अंगठ्याने घासला. तो आणखी पसरला. "लगाके कित्ते बार देखा मैं, बेटा," ते म्हणाले. "पक्की थी. फिर भी तू इत्ते जोर से बोली ना, मेरेकूच मेरे हाथ पे शक हो गया."

ते रागाने म्हणाले असते तर तिला रडू आलं असतं आणि रडून मोकळं होता आलं असतं. ते तसे म्हणालेच नाहीत. नुसतं जसं झालं तसं सांगितलं.

राहुकाळ सहाला संपणार होता, आणि मांडलेली पूजा मोडायची नाही म्हणून आबांनी तोवर थांबायला सांगितलं. अर्धे पाहुणे गेले. उरलेल्यांना आत्याने चहा दिला. त्रिवेणीने पाइपचा तुकडा कोपऱ्यात ठेवला, मग उचलून भंगाराच्या ढिगात टाकला, मग तिथेही दिसतोय म्हणून पत्र्याखाली सरकवला. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलांनी चढत होता. पाच वाजून गेल्यावर तो शंभरला पोचला तेव्हा कुणी ओरडलं नाही. बाबांनी जाऊन गन काढली आणि जागेवर टांगली. ते रागावलेले वाटत नव्हते, थकलेले वाटत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

सहा वाजले. नारळ फुटला. खाजाभाई चढले, आणि शेजारची जागा रिकामी राहिली. त्यांनी खिडकीतून त्रिवेणीकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. तेव्हा आबा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "मला चढवा."

ट्रक निघाला. इंजिनाची घरघर नाही, काही नाही. आणि म्हणून बिरादारांच्या यार्डात पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आलं, चाकांखाली लिंबं फुटताना. फट्. फट्. मग मागची, फट्. आजवरच्या पूजांत तो आवाज डिझेलखाली कधी उमटलाच नव्हता. आत्याने तोंडावर हात ठेवला. उघड्या खिडकीतून खाजाभाई काहीतरी गुणगुणताना ऐकू आले, अगदी बेसूर. ट्रक गेटबाहेर पडेपर्यंत बाबा ते ऐकत उभे राहिले.

थोड्या वेळाने ट्रक परत आला. आबा उतरले, धोतर झटकलं. "मुकुंदा," ते म्हणाले, "उद्या कंपनीला फोन नको करू." आणि त्रिवेणीकडे न बघता घरी जायच्या गाडीकडे गेले.

लिंबांच्या फोडी झाडताना भामाआत्याने विचारलं, "काय गं, ब्रेक मारला तरी थोडी बॅटरी भरते म्हणे याची. खरं का?"

त्रिवेणीने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर आलं होतं, छान गोल, टाळ्या घेणारं, खरं असेलही. गेटजवळ उभे असलेले बाबा वळले होते. दुपारपासून पहिल्यांदा ते तिच्याकडे बघत होते.

तिचे कान पुन्हा तापले, अगदी टोकापर्यंत.

"मला माहीत नाही, आत्या," ती म्हणाली. "विचारून सांगते."